साय धरलेली बाटली

एस.टी. सुटता सुटता अण्णा खिडकीशी आले आणि सवयीने म्हणाले, “येळंवर जेव गं पोरी.” लगेच त्यांनी जीभ चावली. पीळ पडून माझं आतडं सडलं होतं, डॉक्टरांनी ते जवळजवळ सगळंच काढलं होतं. खाल्लेलं अंगी लागणार नव्हतं. छातीत बसवलेल्या नळीतून शिरेत जाईल त्यावरच आता जगायचं होतं. मला आधी हसू फुटलं, मग साताऱ्यापर्यंत रडत बसले.

गाव काही हौसेने सोडलं नाही. पत्र्याचं घर, उन्हाळ्यात दुपारभर वीज गायब, आणि माझ्या अन्नातली पांढरी बाटली उकाड्यात टिकेना. सोयाबीनचं तेल पाण्यात इतकं बारीक मिसळलेलं, की दूधच वाटावं. मी नोकरीला होते त्या बँकेने वाशीला बदली दिली, नेरूळला भाड्याचा फ्लॅट मिळाला, फ्रीज आला. सोसायटीत टेन्शन कसलं, तर लिफ्ट बंद. मी ठरवून टाकलं, इथेच राहायचं आणि नोकरी करायची.

आई सोबत आली, पण तिने ट्रंकेतले कपडे कपाटात लावलेच नाहीत. “बरी झालीस की जाऊ घरी,” हे तिचं पालुपद. हॉस्पिटलात दोघींना शिकवलं होतं, पण स्वतःच्या छातीकडे बघायचा मला धीर होईना. नळी आईच जोडायची. बाटलीला ती ‘दूध’ म्हणायची, मीही कधी टोकलं नाही.

मे महिन्यात ते दूध नासू नये म्हणून तिने बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेवली. संध्याकाळी बर्फ वितळल्यावर कौतुकाने माझ्यापुढे धरली. वर पिवळा थर आला होता.

“बघ, कशी साय धरलीया! हलवून लावू का?”

तेल फुटून वेगळं झालं होतं. ते शिरेत जाणं म्हणजे जिवाशी खेळ. मी ओरडलेच. समजावून सांगितल्यावर आईने बाटली लांब सारली. “म्या तुला काय देत हुते गं!” त्यानंतर तिचा हात नळीला लागेना. म्हणाली, गावी चल, जे व्हायचं ते आपल्या माणसांत होऊ दे.

मला रागच आला. मला जगायचं होतं. कोपरापर्यंत हात धुतले, दुसरी बाटली उजेडात निरखली आणि नळी स्वतः जोडली. मग रोज मीच जोडू लागले. आई दारातून बघत राहायची.

तिकडे अण्णांच्या जेवणाचे हाल चालले होते. शेवटी आई निघाली. खाली रिक्षा थांबलेली, मी पाया पडले, तरी ती उंबऱ्यातून हलेना.

“कुंकू न्हाय लावायचं व्हय? पाव्हण्या बाईला तशीच धाडतात का?”

मी करंडा आणला.

तुम्ही गावाकडचे अजून विचारता, घरी कधी येणार? सुट्टी मिळाली की गावाला नक्की येईन. घरी तर मी आहेच.