मिठाच्या जागी धिंगरी

कोणताही पदार्थ दुसऱ्या कोणत्याही पदार्थाच्या जागी बसू शकतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिहोऱ्याकडे त्यांची धानाची शेती आहे. लोक तांदूळ घरी नेतात आणि कोंडा गुरांपुढे टाकतात. आमचे भाऊजी राइस मिलमधून ताजा कोंडा तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून आणतात. त्याची त्यांनी बिस्किटं केली. टरबुजाची पांढरी साल किसून हलवा केला, त्यात साखरेऐवजी मोहफुलं घातली. जवसाच्या ढेपेचे, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीचे, लाडू केले, तेव्हा मी खात असताना गोठ्यातली गाय माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती मी अजून विसरलेलो नाही. शिवाय घास तोंडात असतानाच प्रश्न यायचा, "सांगा बरं, याच्यात काय नाही?" मी एकदा वैतागून म्हणालो, "चव." भाऊजींनी गंभीरपणे मान डोलावली. "बरोबर हाये. पायतो," म्हणाले आणि लाडू घेऊन आत गेले.

पण त्यांचा खरा जीव धिंगरीवर, म्हणजे धानाच्या तणसावर, पेंढ्यावर, वाढणाऱ्या अळिंबीवर. पावसाळ्यात रानात उगवणाऱ्या सात्या, म्हणजे रानअळिंबी, आमच्याकडे सगळेच आवडीनं खातात. यांनी त्यांची ही बहीण घरातच नांदायला आणली. मागच्या अंधाऱ्या खोलीत गरम पाण्यातून काढलेलं तणस पिशव्यांत भरून टांगलेलं असे. आत जायचं ते चपला काढून. बाहेर रखरखीत ऊन असलं तरी तिथं ओल्या मातीचा गार वास, आणि पिशव्यांच्या भोकांतून बाहेर आलेले पांढरे पांढरे कान. "हळू बोला," भाऊजी कुजबुजायचे, "आयकून राहिल्या त्या." मी हसायचो, पण हळूच हसायचो. थोडा वेळ तिथं बसलं की आपणही त्या धूसर उजेडात उगवतो आहोत असं वाटू लागे, आणि उठावंसंच वाटत नसे.

हे सगळं कशापायी, ते मला तिथंच कळलं. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी ताईचं, म्हणजे भाऊजींच्या बायकोचं, मीठ तोडलं होतं. ताई म्हणजे जेवणावर आणि जेवू घालण्यावर सारखाच जीव असलेली बाई. तिनं ताटच दूर सारलं. दोन घास खाऊन उठायची. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या होत्या. "जेवूनच नाही राहिली ते," पिशवीवर पाणी शिंपडत भाऊजी म्हणाले. "मिठाच्या जागी काईतरी बसलंच पायजे ना, साडभाऊ." धिंगरी वाळवायची, भाजायची, पूड करायची, तिला चाखायला द्यायची. ती मान हलवायची. भाऊजी पुन्हा खोलीत.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, आली. मंडईला पाहुणे येणार आणि पाहुण्यांना मटणाचा रस्सा मिळणार, हे ठरलेलंच. ताईचं ताट वेगळं नको म्हणून भाऊजींनी माझ्याशिवाय कुणाला न सांगता सगळ्यांसाठीच धिंगरीचा बिनमिठाचा रस्सा केला. मसाला असा भाजला की वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. पंगतीत त्यांचे थोरले माळकरी भाऊ आपल्या वरणाची वाट बघत बसले होते. त्यांनी एकदा वास घेतला, गळ्यातल्या माळेला हात लावला आणि ताडकन उठले. "मंडईले बलावून मले बाटवतं का बे?"

"अजी दादाजी, मटण नोहे जी! तणसावरचं हाये!" भाऊजी ओरडले.

दादाजींचा यावर विश्वास बसला नाही. बाकीच्यांचा मात्र बसला. मटण नाही म्हटल्यावर तेही उठले. सगळी पंगत मंडईत भजी खायला निघून गेली. राहिलो मी आणि भाऊजी.

ताई आतून आली. पत्रावळी तशाच पडल्या होत्या. अन्न वाया जाऊ नये म्हणून एक पत्रावळ ओढून बसली. एक घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्याला हात थांबला आणि डोळे भरून आले.

"अजी, मीठ टाकलं ना तुमी? तुमाले नाई पायवलं म्हणून टाकलं ना?"

मीच म्हणालो, "नाही ताई. खडाभरही नाही. माझ्यासमोर शिजलंय."

मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि पत्रावळ पुढे सरकवली.

"भात वाढा जी अजून."

भाऊजी वाढू लागले. दुरून मंडईतली ढोलकी ऐकू येत होती, आणि तिथं रिकाम्या पंगतीत बसून मला त्या वेड्या माणसाचा फार हेवा वाटला.