बटण दाबू नका, पावणं!

संगणकावरच्या लढाईला खऱ्या लढाईचे नियम लावून तिच्यावर मनापासून संतापणारा माणूस उभ्या सांगली जिल्ह्यात एकच आहे, आणि ते नेमके माझे सासरे निघावेत हे माझं नशीब. मामा कुंडलचे, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्या विश्रामबागच्या फ्लॅटवर आले, आणि डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर त्यांना पहिल्यांदा स्वच्छ काय दिसलं, तर माझा लढाईचा गेम. हा गेम अगदी खऱ्यासारखा म्हणून नावाजलेला. एक गोळी लागली की माणूस आडवा. "खऱ्यासारखा? बगू की," मामा म्हणाले, आणि तिथून माझ्या रविवारांची वाट लागली.

कौतुक त्यांनी दोनच गोष्टींचं केलं. तोफगोळा डोक्यावरून जातानाचा आवाज ऐकून त्यांनी खुर्चीतच मान खाली घातली, आणि पळून आल्यावर धापेनं बंदूक हलते हे बघून "ह्ये बराबर हाय," म्हणाले. बाकी सगळा संताप. दिवसभर चिखल तुडवून रायफलीला कुणी तेल लावत नाही, खंदक खणत नाही, लंगरचा चहा नाही, सुट्टीचा अर्ज नाही. "आवं पावणं, चार म्हैनं बसायचं आन् चार मिन्टं लढायचं, ह्याला लढाई म्हंत्यात. हितं बसायचं नावच न्हाई! ह्यो गेम करणारा कवा पहाऱ्यावर हुता का?" जणू तो गेम मीच केला होता.

मग बायकोच्या लॅपटॉपवर ते स्वतःच मैदानात उतरले. हुकमाशिवाय गोळी झाडायची नाही हा त्यांचा बाणा; आणि हुकूम द्यायला कुणी नसल्यामुळे तीन रविवार त्यांनी एकही गोळी झाडली नाही. आमच्या बाजूनं खेळणाऱ्या अनोळखी पोरांना मात्र हेडफोनमधून "पोझिशन मत छोडो!" म्हणून दरडावायचे. पोरं खिदळायची, मी शरमेनं मेल्यासारखा व्हायचो. त्यात आमच्यातलं कुणी पडलं, की मामा सगळं सोडून त्याच्याकडे सरपटत निघायचे. या गेममध्ये सोबत्यानं येऊन पट्टी बांधली तर जखमी माणूस उठतो. त्यासाठी तो दीड मिनिट तसाच पडून असतो; तेवढी वाट बघायची नसेल, तर बटण दाबायचं, की मागच्या तळावर पुन्हा ताजातवाना. वाट बघतंय कोण? मामा पोचेपर्यंत तिथं नुसतं गवत.

एका रविवारी मीच पडलो. "थांबा पावणं, येतोय म्या!" मामा शेजारच्या खुर्चीवरून ओरडले आणि गोळ्यांच्या माऱ्यातून सरपटू लागले. मला कंटाळा आला. मी बटण दाबलं.

मामा पोचले, तर जागा रिकामी. त्यांनी हेडफोन टेबलावर आपटला.

"येतोय म्हणून सांगितलं हुतं न्हवं? बटन दाबायचं आन् मोकळं व्हायचं! जो येतोय त्येचं काय?"

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. मीही चिडलो. "मामा, खेळ आहे हो तो!"

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "औंधचा एक गडी हुता माझ्यासंगं. पडला. थांब म्हणलं, येतोय म्या. त्यो थांबला, पावणं. उजाडंपतुर थांबला. मलाच जाता आलं न्हाई. हुकूम न्हवता."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की या गेममध्ये मामा हुकमाशिवाय एकच गोष्ट करत होते. मला फार लाज वाटली.

आता ते कुंडलला परत गेलेत. फोनवर अजून विचारतात, "रायफलीला तेल लावाय शिकलं का न्हाई त्ये गेमवालं?" नाही म्हटलं की पुन्हा सगळा उद्धार. मी रविवारी एकटाच खेळतो. पडलो की बटण समोर दिसत असतं, आणि पोरं कानात ओरडत असतात, 'दाब की, काय झोपलास का?' मामा येणार नाहीत हे मला माहीत असतं. तरी दीड मिनिट मी तसाच पडून राहतो.