थोरल्याच्या मांडीवर देव

"जड काय नसतंय, ताई. धरायचं कुटं, त्येवडं ठावं पायजे."

हे वाक्य मुकादम दिवसातून किती वेळा म्हणायचा, देव जाणे. लोखंडी कपाट असो, पाटा असो की ज्वारीची कोठी असो, तो आधी त्या वस्तूभोवती एक चक्कर मारायचा, खाली वाकून तिच्या बुडाला हात लावून बघायचा आणि मग हे ऐकवायचा. तोवर जोडीदारानं कोपऱ्यात बसून विडी संपवायची, अशी त्या दोघांची कामाची वाटणी होती.

त्या काळात सोलापूरच्या पेठांमधून तुम्ही कधी बिऱ्हाड हलवलं असेल, तर हा माणूस तुम्ही जिन्यात बसलेला पाहिला असेल. प्रत्येक पायरीवर बसून तो वितीनं जिन्याची रुंदी मोजायचा. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. मुकादम म्हणायचे म्हणून आपण मुकादम म्हणायचं. त्याची मुकादमकी चालायची ती फक्त त्या एका जोडीदारावर, आणि तोही त्याचं ऐकायचा नाही.

आम्ही शुक्रवार पेठेतल्या माडीवरच्या तीन खोल्या सोडून होटगी रोडला, स्वतःच्या घरात जाणार होतो. माझे यजमान एका कचेरीत नकाशे काढायचे. सरकारी नकाशांवर भागेना म्हणून त्यांनी आमच्या हलवाहलवीचाही नकाशा काढला. घरातल्या प्रत्येक वस्तूला नंबर दिला, खडूनं तो वस्तूवर लिहिला आणि वहीत यादी केली. लोणच्याची बरणी सदतीस, तिच्या शेजारचा खलबत्ता अडतीस. निघायला अजून पंधरा दिवस होते. ते पंधरा दिवस मी घरात सदतीस नंबरचं लोणचं वाढलं.

मग ही यादी घेऊन हे एका ट्रान्सपोर्ट कंपनीत गेले. 'घरसामान भारतभर सुरक्षित पोचवू' अशी पाटी वाचून गेले होते बिचारे. तिथल्या मालकानं विचारलं, "कुठून कुठं?" हे म्हणाले, "शुक्रवार पेठेतून होटगी रोडला." मालकानं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग आतून भावाला बोलावलं आणि त्याच्यासमोर तिसऱ्यांदा सांगायला लावलं. दोघं भाऊ मनसोक्त हसले, ह्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

शेवटी आमच्या खाली हातमाग चालवणाऱ्या मागवाल्यांनी सुचवलं, की मुकादमाला बोलवा.

मुकादम आला. त्यानं जिना मोजला. "सव्वातीन विती. कपाट आडवं उतरंल," असा निकाल दिला. ह्यांनी मोठ्या उत्साहानं वही पुढं केली आणि सगळी यादी वाचून दाखवली. पाटापासून पाळण्यापर्यंत. मुकादम भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं झोपला. यादी संपली तसा उठला, पाणी मागायच्या निमित्तानं स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि हळूच म्हणाला, "ताई, यादीत म्हातारं न्हाई."

खरं होतं. यादीत मामंजी नव्हते.

माझ्या सासऱ्यांना त्या थंडीत अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. जीभ मात्र शाबूत राहिली होती, आणि ती आधीच दोन माणसांना पुरेल एवढी होती. उभी हयात त्यांनी जकात नाक्यावर काढली. येणारा प्रत्येक ट्रक उघडून पाहिल्याशिवाय सोडायचा नाही, असा त्यांचा लौकिक. आजारी पडल्यापासून पाच महिने ते माडीवरून खाली उतरले नव्हते. पेठेतल्या कुणी त्यांना त्या अवस्थेत पाहिलेलं त्यांना चालायचं नाही. भेटायला कोणी आलं की भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे.

नवं घर बांधलं ते त्यांच्याच हट्टानं आणि त्यांच्याच पुंजीवर. पण त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. पाया भरला तेव्हा येऊन गेले, आणि वर विटा चढायच्या आत हे असं झालं. आता जायची वेळ आली तर ते जाईनात.

ह्यांनी आरामखुर्चीतून न्यायची गोष्ट काढून पाहिली. "पालखीत बसायला मी काय संत आहे?" घोंगडीची झोळी करू म्हटलं, तर "त्यापेक्षा हातपाय बांधून काठीला टांगा." शेवटी हे धीर करून म्हणाले, "मी पाठीवर घेतो तुम्हाला." मामंजींनी त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुला दप्तर उचलवत नव्हतं. अरे, चार माणसांनी उचलून न्यायला मी काय पोतं आहे? मी इथंच मरतो. मग न्या खाली. तेव्हा मी तक्रार करायचा नाही."

घरमालकाला महिनाअखेर खोल्या हव्या होत्या. भांडण नको म्हणून आम्ही दोघंही तो विषय टाळत होतो. ह्यांनी तर इतका टाळला, की दीडशे वस्तूंना नंबर दिले आणि बापाला विसरले. मी रात्रंदिवस तोच घोर घेऊन फिरत होते. धरून बांधून, रडवून त्यांना खाली आणावं लागलं असतं तर नव्या घरात आम्ही कोणत्या तोंडानं दिवा लावला असता?

हे सगळं मी मुकादमाला चुलीपाशी उभ्या उभ्या सांगितलं. त्यानं पाणी प्यायलं. "बगू की," एवढंच म्हणाला.

जाताना तो मामंजींच्या खोलीत डोकावला. मामंजींनी त्याला पाहिलं आणि पहिल्यांदाच भिंतीकडं वळायचं विसरले.

"हा लबाड इथं कसा? ह्याचा कडब्याचा ट्रक मी भर उन्हात उतरवायला लावला होता."

"आन् परत भराय लावला हुता," मुकादम अदबीनं म्हणाला.

"काही निघालं होतं का हो?" मी विचारलं.

"निघालं की ताई. कडब्याखाली लुगड्याचं गठ्ठं निघालं. माल माजा नव्हता. पर साहेबांनी शिव्या मलाच दिल्या."

मामंजी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

ठरल्या दिवशी सकाळी दोन बैलगाड्या बोळाच्या तोंडाशी लागल्या. मुकादमानं ह्यांची वही मोठ्या आदरानं घेतली आणि गाडी सरकू नये म्हणून चाकाखाली अडकवली. नंबरांचं म्हणाल तर, चैत्रातल्या घामानं तासाभरात सगळे खडूचे आकडे हमालांच्या बंड्यांवर उतरले. जोडीदाराच्या पाठीवर सदतीस स्पष्ट वाचता येत होता. लोणच्याची बरणी मात्र कुठं गेली ते आजपर्यंत कळलेलं नाही.

दुपारी बारापर्यंत घर रिकामं झालं. उरले फक्त भिंतीतल्या देवळीतले देव, आणि मधल्या खोलीत कॉटवर मामंजी. हे खिडकीशी उभे राहून उगाच रस्ता बघत होते.

मुकादम वर आला. चपला बाहेर काढल्या. मोरीत जाऊन हातपाय धुतले. डोक्याचा रुमाल सोडून परत नीट बांधला. मी देव तांब्याच्या ताम्हणात काढून घेत होते.

"देव कोन घेनार?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

"मी घेते."

"तुमी न्हाई. घरात थोरला कोन? बिऱ्हाड हालताना देव थोरल्याच्या मांडीवर जातो. आन् देव घेतलेल्या मानसाचा पाय वाटंत भुईला लागायचा न्हाई. टेकायचा त्यो नव्या घराच्या उंबऱ्याच्या आत."

हे खिडकीतून वळले. "असं कुठं—"

मी त्यांच्या पायावर पाय दिला. लग्नानंतर इतक्या जोरात पहिल्यांदाच दिला असेन.

मामंजींनी मान उचलली. नाक्यावर ट्रकवाल्याकडं बघायचे तसं मुकादमाकडं बघायला लागले. "हे कुठल्या शास्त्रात सांगितलंय?"

"शास्तर मला काय ठावं, साहेब. आमी घरं हालवनारी मानसं. ज्यांनी ह्ये पाळलं न्हाई त्यांची घरं बगून आलोय, येवडंच."

"काय झालं त्यांचं?"

"ते देवाम्होरं बोलू नये."

खाली मागांचा खडखडाट चालू होता. मामंजी बघतायत, मुकादम डोळ्याची पापणी न हलवता उभा. मी मनातल्या मनात ताम्हणातल्या सगळ्या देवांना नवस बोलून ठेवले. कुणाला काय बोलले ते नंतर आठवेना, म्हणून सगळ्यांना नारळ वाहिले.

"कोट आण माझा," मामंजी मला म्हणाले. "आणि टोपी. देव काय असे उघड्या डोक्यानं न्यायचे?"

मी त्यांना कोट चढवला. बटणं त्यांनी डाव्या हातानं स्वतः लावली. एक चुकलं, ते तसंच राहू दिलं.

जोडीदारानं गाडीतून परत वर आणलेल्या खुर्चीवर धुतलेलं धोतर अंथरलं. मामंजी बसले, मांडीवर ताम्हण, त्यावर त्यांचा डावा हात. जोडीदारानं मागून खुर्ची धरली. मुकादमानं पुढच्या पायांना धरलं आणि तो जिना उलटा उतरायला लागला, तोंड देवांकडं करून. सव्वातीन विती जिना. मुकादमाला मागचं काही दिसत नव्हतं. पाय चाचपत एकेक पायरी उतरत होता. खुर्ची भिंतीला एकदासुद्धा घासली नाही.

खाली बोळात ही एवढी माणसं जमलेली! मी मनात म्हटलं, आता झालं. आता मामंजींचा पारा चढणार. पण खालच्या मागवाल्या काकू पुढं आल्या, देवांना हळदकुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांच्या मागोमाग बाकीचे वाकले. माग थांबले होते. एक जुने शेजारी विचारायला लागले, "साहेब, तब्येत कशी—" तर मामंजी कडाडले, "देव हातात आहेत, दिसत नाही का? मधे बोलू नका!" ते शेजारी कान धरून मागं सरले. पाच महिने भिंतीकडं तोंड करून निजलेला माणूस टोपी घालून, मान ताठ करून अख्ख्या बोळाचे नमस्कार घेत टांग्यापर्यंत गेला. मी मागून पदर डोळ्याला लावून चालत होते. लोकांना वाटलं, घर सोडताना रडतेय.

होटगी रोडला खुर्ची उंबऱ्याच्या आत उतरली. मुकादमानं गुडघ्यावर बसून मामंजींचे पाय एकेक करून नव्या फरशीवर टेकवले.

तुम्हाला वाटेल, मामंजी फसले. मलाही तसंच वाटत होतं. आठवड्यानं त्यांना भरवताना मी सहज त्या रीतीचा विषय काढला, तर म्हणाले, "सूनबाई, माझं सगळं आयुष्य नाक्यावर गेलं. मला माल ओळखू येत नाही होय? हा एकच सोडला न उघडता. आणि हे बाहेर बोलायचं नाही."

ते बाहेर बोलले नाहीत, पण बोळानं पाहिलं होतं. वर्षभरात पेठेत ही रीत रुजली. ह्यांच्या कचेरीतल्या एका गृहस्थानं आपल्या ठणठणीत आईला देवांसकट खुर्चीत घालून दोन जिने उतरवलं. म्हातारीनं अर्ध्यात उडी मारली आणि उरलेल्या पायऱ्या ती स्वतः पळत उतरली. आमच्या उशिरानं केलेल्या वास्तुशांतीला आलेल्या भटजींनी तर मला बजावलं, की ही फार जुनी चाल आहे, हल्लीची माणसं पाळत नाहीत म्हणून तर सगळा घोटाळा.

मुकादमाला मी शेवटचं पाहिलं ते दोन वर्षांनी. आमच्याच सोसायटीत कुणाचं तरी बिऱ्हाड आणलं होतं त्यानं. त्यानंतर तो वळसंगला, आपल्या गावी गेला असं कळलं. मग तो कुणालाच भेटला नाही. त्या दिवशी आमच्या पायरीवर पाणी प्यायला बसला होता. मी त्याला त्या पळणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, पोट धरून हसेल. तो हसला नाही.

"साहेब कुटं हायत?"

"गेले. दोन महिने झाले."

त्यानं तांब्या खाली ठेवला. रस्त्याकडं बघत म्हणाला, "माजा बाप बी हमालच. मालधक्क्यावर पाठीत लागलं, कंबर गेली. खोली सोडायची वक्त आली तवा म्या त्येला पाठीवर टाकून न्हेला, भर बाजारातनं. पोत्यागत. दुसरं कुटं धरायचं, ठावंच नव्हतं की मला. लोकं बगत हुती. बापानं मान माज्या खांद्यावर टेकली न्हाई, ताई. वाटभर ताठ धरून बसला. नव्या खोलीत तीन म्हयनं जगला. माज्यासंगं बोलला न्हाई त्यो परत."

मी तांब्या उचलून परत भरून आणला.

"साहेब," त्यानं चाचरत विचारलं, "हितं आल्यावर बोलत हुते का? ल्येकासंगं?"

"बोलत होते म्हणजे? तुम्ही फाटकाबाहेर पडला नव्हता, तोवर खिडकी चुकीच्या भिंतीला पाडली म्हणून ह्यांना अर्धा तास झापलं. गेले त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा खिडकीवरूनच भांडले."

"अर्धा तास?"

"अर्धा तास."

"आन् आदल्या दिवशी बी?"

"आदल्या दिवशीसुद्धा."

मुकादमानं डोक्याचा रुमाल सोडला, त्यानं तोंड पुसलं आणि तो बराच वेळ तोंडावरच धरून ठेवला.