लाईट शे का?

आमच्या घरात करंट हा शब्दच नव्हता. असायची ती लाईट. लाईट गेली, लाईट आली, लाईटचं बिल, लाईटवाला. दिवा लागत नसेल तर लाईट नाही, विषय संपला. माहेरी हेच ऐकत वाढले आणि लग्न होऊन सुरतला आले तर सासरीही तेच. फक्त 'आहे'च्या जागी अहिराणीतलं 'शे' आलं.

त्या दिवशी ह्यांनी मला विचारलं, "लाईट शे का?" मी म्हटलं, "नही." त्यानंतर दोन-तीन मिनिटांत माझा नवरा गेला.

हे बोलणं आमच्या दोघांतच झालं होतं. वर्षभर मी ते कोणाला सांगितलं नाही. पंचनाम्याला आलेल्यांना नाही, आईला नाही, आणि सासूबाईंना तर नाहीच. त्यांना कळलं तर त्या गाठोडं बांधून धुळ्याकडे गावी निघून जातील आणि जाताना माझं तोंडही बघणार नाहीत, अशी माझी खात्री होती. आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघीच उरलो होतो.

आमचं घर सुरतच्या बमरोलीला, तळमजल्यावर. दोन खोल्या, पुढे ओटा, आणि मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर खाडी. तापी वाढली की अख्खं सुरत टीव्हीसमोर बसतं. खाडी वाढली की फक्त आम्ही खाटा उंच करतो. त्या पावसाळ्यात पाणी मांडीपर्यंत चढलं. आम्ही तिघं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे दोन दिवस राहिलो. सगळ्या सोसायटीची लाईट कंपनीने बंद केली होती.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. घरात घोट्यापर्यंत काळा चिखल, आणि वास असा की नाकावरचा पदर काढवेना. सकाळी शेजारी पंखे फिरू लागले. मी आमचं एकेक बटण दाबून बघितलं. ट्यूबलाईट नाही, पंखा नाही, फ्रीजचा दिवासुद्धा नाही. कंपनीच्या नावाने चार शिव्या घातल्या आणि बटणं होती तशीच चालू ठेवली. आली की कळेल, हा विचार. आमच्या गल्लीत सगळ्या बायका असंच करतात.

दुपारी हे लूमच्या खात्यातून, म्हणजे कापडाच्या कारखान्यातून, आले. तिथेही चिखलच काढत होते. मी म्हटलं, जेवायच्या आधी फ्रीज पुढे ओढून द्या, मागचा गाळ काढते, माझ्याच्याने तो वास सहन होत नाही. "जेवू तर दे," म्हणाले. "तुमचं जेवण कुठं पळून चाललंय?" मी म्हटलं. माझी जीभच अशी आहे. त्यांनी पँट वर दुमडली, चपला ओट्यावर काढल्या, आत चिखलात उभे राहिले आणि विचारलं, लाईट शे का.

पुढचं मी बघितलं, पण ते मला नीट लिहिता येणार नाही. त्यांनी फ्रीजला दोन्ही हातांनी कवळ घातली आणि सोडलीच नाही. मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. मी हसले. मग धावले, तेवढ्यात वरचे शेजारी काका जिन्यावरून ओरडले, "हात लावू नको!" काकांनी मीटरजवळचा मेन स्विच पाडला, मग प्लॅस्टिकच्या खुर्चीने ह्यांना ढकललं. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

त्यानंतर मला काहीच वाटेनासं झालं. लोक यायचे, रडायचे, मी चहा टाकायचे. एकजण म्हणाली, "नशिबात होतं बाई." डोंबलाचं नशीब! पण तेही मी बोलले नाही. पंधराव्या दिवशी कामाच्या साड्यांचा गठ्ठा आला, मी सुटे धागे कापायला, धागा कटिंगला, बसले. कैची चालायची. कोणी विचारलं, जेवलीस का, तर मला आठवायचं नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोर बसून कापलेले धागे गोळा करायच्या. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की नेमकं कसं झालं. त्या विचारत नाहीत म्हणजे त्यांना कळलंय, असं मला एक दिवस वाटायचं. दुसऱ्या दिवशी वाटायचं, अजून कळलेलं नाही, कळेल तेव्हा बघू. भीतीसुद्धा अंगाला लागत नव्हती, नुसती डोक्यात असायची.

यंदा श्रावणात खाडी परत आली. पाणी उंबऱ्याच्या आत येण्याआधीच मी कोरड्यात उभी राहून मेन पाडला. पाणी नडगीपर्यंत आलं आणि एका दिवसात गेलं. बोर्ड जुन्याच जागी होते, खाली, त्यामुळे भिजले. वरच्या काकांनी या वेळी दम दिला, "कंपनीवाला मीटर बघून जाईपर्यंत आणि वायरमन येईपर्यंत एका बटणाला बोट लावायचं नाही." आम्ही दोघी आठवडाभर मेणबत्तीवर राहिलो. एरवी मी कुरकुरले असते.

वायरमन जवळच्या भेस्तानचा, पिकल्या केसांचा माणूस. घरी मराठी, पण धंद्याची सवय म्हणून बायकांना गुजरातीत बेन, म्हणजे ताई, म्हणणारा. पहिल्या दिवशी त्याने नुसते बोर्ड उघडले, आतला गाळ दाखवला आणि उघडेच ठेवून गेला. "भिंत सुकू दे. घाई केली की घात." चार दिवसांनी आला. भिजलेली बटणं, सॉकेट सगळं काढून फेकलं, खालच्या वायरी नव्या ओढल्या, बोर्ड छातीच्या उंचीवर घेतले. मीटरशेजारी एक नवीन स्विच बसवला. कुठे करंट गळायला लागला की तो आपोआप पडतो, म्हणाला. आत्याबाई पाटावर बसून सगळं बघत होत्या.

काम करता करता त्याने विचारलं, "मागच्या वर्षी इथंच झालं होतं ना?" मी मान हलवली. "दिवे लागत नव्हते का?" मी म्हटलं, नाही. त्याने हातातला पेचकस खाली ठेवला.

"मग न्यूट्रल तुटलेला असणार, बेन. करंट एका वायरीने येतो, दुसरीने परत जातो. ही परतीची वायर, न्यूट्रल, तुटली तर दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. पण येणारी वायर जिवंतच असते. बटण चालू, वस्तू ओली, अर्थिंग नाही, मग तो तिच्या पत्र्यात उतरून बसतो. लाईट नाही म्हणजे करंट नाही असं नसतं. तुम्ही सगळ्या जणी हीच चूक करता."

वर्षभर मला वाटत होतं, लाईट नेमकी त्याच क्षणी आली असेल. माझं 'नही' म्हणताना खरं होतं आणि मग खोटं झालं. एवढा एक आडोसा होता मला. तोही गेला.

"पत्र्यात उतरला तर हाताला काय लागतं?" आत्याबाईंनी विचारलं. वर्षभरात या विषयावर त्या पहिल्यांदा बोलल्या.

"थोडा असला, अंगाखाली कोरडं असलं, तर झिणझिण्या येतात. मुंग्या आल्यासारखं."

आत्याबाईंनी आपले दोन्ही तळवे मांडीवर उलटे करून ठेवले. त्यांना कित्येक वर्षांची साखर आहे, हातापायाला मुंग्या कायमच्या. त्या माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. त्या दिवशी सकाळी, मी बाहेर बादली भरत असताना, त्यांनी पाटावर उभं राहून ओल्या फडक्याने फ्रीजचं दार पुसलं होतं. हाताला मुंग्या आल्या. हात काढला, थांबल्या. परत लावला, परत आल्या.

"माले वाटनं, साखरनं शे," त्या म्हणाल्या. "कोणाला काय सांगायचं, रोजचंच."

वायरमन पेचकस उचलून बोर्डाकडे वळला.

"गोळी घेतली आणि ओट्यावर जाऊन बसले," त्या म्हणाल्या. "मग तो आला. त्याने चपला माझ्याच पुढ्यात काढल्या. वर्ष झालं, तुला सांगू कसं? तू मला घरात ठेवशील का? गावाला आता माझं कोण आहे?"

मला वाटलं होतं त्या मला सोडून जातील. आणि त्या म्हातारीने वर्षभर याच भीतीने माझे धागे गोळा केले होते, मी हाकलेन म्हणून. मी त्यांच्यासमोर खाली बसले. मी म्हटलं, "आत्याबाई, त्यांनी मला विचारलं होतं." आणि सांगून टाकलं. काय विचारलं, मी काय बोलले, मी हसले तेसुद्धा. सांगताना रडू फुटलं. तोंड वाकडं करून, नाक गळेपर्यंत, परक्या माणसासमोर. आत्याबाईंनी माझं डोकं धरलं. मला त्यांचा राग आला, खूप राग आला, पण त्यांना सोडवतही नव्हतं.

वायरमनचं काम झालं होतं. तो मेनजवळ जाऊन पाठमोरा उभा राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "बेन, चालू करू?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्याने पुन्हा विचारलं. दोघींच्याही तोंडून हो निघेना.