निलगिरीखालची बाज

माझे वडील, आबा, ओतकामाच्या कारखान्यात साचे भरायचे. वीस वर्षं वाळूची धूळ ओढून त्यांच्या छातीचा पार भाता झाला होता, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. बहात्तरच्या उन्हाळ्यात ते घरी बसले ते कायमचेच. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन रिकामी होते, म्हणून त्यांना बघायचं काम माझ्याकडं आलं.

घरामागं निलगिरीची चार झाडं होती. निलगिरीची हवा छातीला चांगली, हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. सर्दी झाली की पाला उकळून वाफ घ्यायची, ही घरोघरची रीत. मग मी डोकं लढवलं. आबांची बाज उचलून थेट झाडाखाली नेऊन टाकली. आईला केवढं कौतुक वाटलं.

त्या साली वळीव पडलाच नाही. विहिरीनं तळ गाठला, निलगिरीची पानं कडेनं करपली. पण वास म्हणाल तर! एरवी पान चुरगाळल्याशिवाय येत नाही, तो भर दुपारी रस्त्यापर्यंत यायचा. आई म्हणायची, यंदा झाडात औषध भरलंय. मलाही ते खरंच वाटायचं.

आबांचा खोकला मात्र वाढत गेला. एका दुपारी धाप लागलेली असतानाच ते म्हणाले, "वास घशात बसतोय गं. बाज आत घे की."

माझं डोकंच फिरलं. मी मरमर मरायचं आणि यांची किरकिर.

"औषध हाय ते, आबा. जरा सोसा," मी म्हणाले आणि वाफेसाठी आणखी पाला उकळायला ठेवला.

त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. मृगाच्या आधी ते गेले. मी रडले नाही. आल्यागेल्याला पाणी देत राहिले.

पुढं कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या सरांनी शिकवलं, की ऊन सोसेना आणि पाणी मिळेना झालं की काही झाडांच्या पानांतलं तेल जास्त उडतं. वास वाढला म्हणजे झाड जोमात आहे असं नव्हे, त्याचे हाल चाललेले असतात. नाजूक छातीच्या माणसाला असा वास बाधू शकतो, असंही ते बोलता बोलता म्हणाले. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. आबांना धूळ नेणारच होती, एवढं मलाही कळत होतं. पण त्यांनी बाज आत घे म्हणून सांगितलं होतं, आणि मी घेतली नव्हती.

घरी आले तर आई गारगोटीच्या पावण्यांना नेहमीचंच सांगत बसली होती. पोरीनं झाडाखाली निजवलं म्हणून माणूस दोन महिने जास्त जगला. आबा गेल्यापासून ती तेवढ्या एका गोष्टीवर उभी होती.

"व्हय की न्हाय गं?" तिनं मला विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.