तारूतच्या बाळाला कुणी पाजलं

मक्किया गेली त्याला आता दोन महिने होतील. चाळिसावा झाला, माणसं पांगली, पण घरात चार जणं बसली की कुणी ना कुणी तिचं काढतंच. कुणी तिच्या हातच्या भाताचं काढतं, कुणी तिच्या शिव्यांचं. आणि आमच्या बहरीनच्या सामाहीज गावात कुणालाही विचारा, बोलणं फिरून फिरून तिच्या दुधावरच येतं. म्हणून ते एकदा नीट सांगायला पाहिजे, जसं झालं तसं.

मक्किया म्हणजे हाजी मिर्झाची बायको. मिर्झा समुद्रात काठ्यांचं कुंपण रोवून मासे धरायचा, ओहोटी लागली की पाण्यात उतरायचा आणि आत अडकलेले मासे टोपलीत घालून घरी. घरात पाच पोरं. आणि मक्कियाला दूध असं की विचारू नका. गावात कुठली बाळंतीण तापानं पडली, कुणाचं दूध आटलं, की बाळ सरळ मक्कियाच्या मांडीवर. परकी अशी आठ-नऊ पोरं पाजली तिनं.

आता आमच्यात असं आहे की एका बाईचं दूध बाळ पूर्ण दिवस आणि पूर्ण रात्र प्यालं, मध्ये दुसऱ्या कुणाचं नाही, तर ते बाळ तिचं झालं. तिच्या पोरांचं भावंड झालं. मग त्या घरात त्याचं लग्न जमत नाही, मुलीशी नाही आणि नातीशीपण नाही. त्यामुळे गावात कुणाची सोयरीक निघाली की दोन्हीकडची माणसं आधी मक्कियाच्या दारात. ती चटईवर बसलेली असायची, पुढ्यात खजूर. मुलाकडे बघायची, डोळे बारीक करायची.

"तू हसनचा का? चावायचास रे तू. हो, तू माझाच. जा, दुसरी बघ."

की झालं. कुणी वाद घालायचं नाही. तिला सगळं पाठ होतं. कोण किती दिवस, कुठल्या महिन्यात, आंघोळीच्या झऱ्यावर तेव्हा कोण कोण होतं, सगळं.

आणि एवढी सगळ्यांची सांगणारी बाई, तिच्या स्वतःच्या नातीच्या वेळी तिला विचारायचं कुणाला सुचलंच नाही. कारण मुलगा गावचा नव्हता. पलीकडचा होता, सौदीतल्या तारूतचा. समुद्रापलीकडच्या पोराला मक्किया कशाला पाजेल?

नात म्हणजे अफ्राह, तिच्या खातूनची मोठी. मुलगा मुनीर. खातूनच्या नवऱ्याच्या नात्यातनं आलेलं स्थळ, मुलाचा बाप नव्हता, आई होती रुकय्या नावाची. दोघांनी एकमेकांना बघितलं होतं, पसंत होतं. समुद्रावरून सौदीला जाणारा पूल होऊन तेव्हा दोन वर्षं झालेली. सोमवारी रुकय्या मुलाला, दिराला आणि दोन बहिणींना घेऊन गाडीनं आली, आणि गुरुवारी निकाह ठरलेला.

बाई मोठी बोलकी. दारातच चपला काढता काढता सुरू झाली, "अल्लाची कृपा त्या पुलावर! पूर्वी लाँचमधून उलट्या करत यायचो तुमच्या बहरीनला. आता दुपारचा नमाज तिकडे आणि कहवा तुमच्याकडे."

पुरुष बाहेरच्या बैठकीत, बायका आत. मक्किया किटलीतनं कहवा ओतत होती. शेजारी तिची जाऊ तय्यबा, मिर्झाच्या भावाची बायको, हलव्याचं ताट धरून. या दोघी जावा चाळीस वर्षं एका अंगणात राहिल्या आणि चाळीस वर्षं भांडल्या, पण एकीशिवाय दुसरीला चैन नाही.

रुकय्यानं खजूर तोंडात टाकला आणि म्हणाली, "खरं सांगू का, माझा मुनीर अर्धा तुमच्याच बेटाचा आहे. इथंच झाला. तेव्हा आमच्याकडून बाळंतपणाला इथल्या दवाखान्यात आणायचे ना. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातनं बाहेर पडलो आणि मला असा ताप चढला की शुद्ध नाही. आमचे हे घाबरले. तुमच्याच गावात त्यांचा एक दोस्त होता, त्याच्या घरी मला टाकलं, आणि बाळाला कुठल्यातरी बाईकडे पाजायला दिलं. मी शुद्धीवर आले तर लाँच निघायची वेळ. त्या बाईचा मी हातसुद्धा चुंबला नाही. तोंड नाही बघितलं तिचं."

मक्कियानं किटली खाली ठेवली. मग तिनं हळूच विचारलं, "दोस्त कोण तुमचा?"

"फर्दान नाखवा. गेला म्हणे आता."

"गेला," मक्किया म्हणाली. आणि कप भरायचा सोडून उठली, आत गेली.

फर्दान नाखव्यानं चोवीस वर्षांपूर्वी एक बाळ तिच्याकडे आणून दिलं होतं. पाच-सहा दिवसांचं, अजून नावही ठेवलेलं नव्हतं. 'तारूतच्या पाहुण्यांचं आहे, आई तापात आहे' एवढंच बोलला होता. तिचा जाफर तेव्हा चार महिन्यांचा. त्या बाळाला तिनं एका दुपारी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सूर्य कलल्यावर परत दिलं. दिवस आणि रात्र. वरती थोडं जास्तच.

खातून मागोमाग स्वयंपाकघरात आली. "काय झालं? तब्येत बरी नाही का?"

मक्कियानं सांगितलं. खातून खालीच बसली.

"कुणाला माहीत आहे?"

"मला."

"मग झालं की. नाखवा गेला, अब्बा गेले. तू बोलू नकोस ना. गप्प बस ना एवढी एकदा!"

"खातून, दुसऱ्यांच्या पोरी मी दारातनं परत पाठवल्या. रडत गेल्या. शेजारच्या रबाबचे तर कपडे शिवून झाले होते, तिला मी नाही म्हणाले. आणि माझी आली की गप्प बसू? उद्या यांना मुलं होतील, मी त्यांच्याकडे बघू कशी?"

खातून खूप रडली, पण हट्ट धरला नाही. आईला ओळखत होती ती.

मंगळवारी सकाळी मक्किया सगळ्या बायकांच्या मध्ये बसली आणि सांगून टाकलं. रुकय्या उठली, तिच्या पायाशी बसली आणि तिचा हात घेऊन चुंबत राहिली, आणि चुंबता चुंबता हुंदके. "चोवीस वर्षं जिला दुवा देत होते ती तूच निघावीस? आजच?"

अफ्राह रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मोठी आई, तुला नक्की आठवतंय?"

"दूध तोंडात आलं की शिंकायचा तो," मक्किया म्हणाली. "प्रत्येक वेळेला."

रुकय्यानं तोंडावर पदर धरला. वर्षाचा होईपर्यंत शिंकायचा, म्हणाली.

बाहेर पुरुषांना कळलं. मुनीर जाऊन गाडीत बसला, चावी नाही, काच बंद, तसाच उन्हात. मक्कियाला खिडकीतनं दिसत होता. कुणीतरी त्याला पाणी नेऊन द्या म्हणाली, आणि मग तिलाच कळेना की आता आपण त्याची आई म्हणून म्हणतोय की काय.

तो दिवस तसाच गेला. मक्कियाला झोप नाही, जेवण नाही. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, की तय्यबा पूर्ण दिवस एक शब्द बोलली नव्हती. तय्यबा! जी झोपेतसुद्धा कुणाला तरी टोमणे मारायची.

बुधवारी सकाळी मक्किया अंगणात साफी मासे साफ करत बसली होती. तय्यबा आली, समोर उकिडवी बसली, एक मासा उचलला, ठेवला.

"काय हवंय?" मक्किया म्हणाली.

"काही नाही."

"मग ऊठ, माशा येतात."

"त्या पोराला मीपण पाजलंय," तय्यबा म्हणाली.

मक्कियानं चाकू खाली ठेवला.

"तू दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावर गेली होतीस धुणं घेऊन. माझ्या अंगावर टाकून गेलीस त्याला. तू गेलीस ती गेलीसच, तिथं गप्पा मारत बसली असशील. इकडे ते ओरडून ओरडून निळं व्हायला लागलं. माझी झकिया तीन महिन्यांची होती. मग घेतलं. पोटभर प्यायला. शिंकत शिंकत. झोपला. तू आलीस आणि मी म्हटलं, रडून झोपला."

"आणि चोवीस वर्षं गप्प?"

"त्याच्या आदल्याच आठवड्यात तू भर गल्लीत त्या मरियमला काय बोललीस? दूध काय झऱ्याचं पाणी आहे का, कुणीही ओतायला? मला न विचारता माझ्या मांडीवरच्या पोराला कुणी छातीला लावलं तर हात मोडीन! असं ओरडलीस. मी भ्याले."

"मला? तू मला भ्यालीस?"

"सगळं गाव भितं तुला. आणि मी काल पण भ्याले. वाटलं, आता बोलले तर म्हणशील लग्नासाठी खोटं बोलतेय."

मक्कियानं तसेच माशांनी बरबटलेले हात तिच्या तोंडाजवळ नेले. "शपथ घेशील?"

"शेखसमोर. कुराणावर हात ठेवून. आंघोळ करून येते, थांब."

तय्यबाची आंघोळ झाली आणि दोघी शेख मन्सूरकडे गेल्या. रुकय्या आणि खातून मागून. शेख म्हातारा, हळू बोलणारा. त्यानं तय्यबाला तीन-तीनदा विचारलं. पोटभर का? पोटभर. झोपला का? झोपला. झऱ्यावर जायच्या आधी किती वेळ झाला होता बाळ येऊन? दुपारपासून रात्र आणि सकाळ. नंतर? नंतर सूर्य कलेपर्यंत. शपथ झाली. मक्कियाला विचारलं, तुला शंका आहे का हिच्यावर?

मक्किया म्हणाली, "शेख, ही बाई रोज दहा वेळा खोटं बोलते. मीठ उसनं नेते आणि नाही म्हणते. पण ते सकाळी रडून झोपलेलं पोर माझ्याकडे दुपारपर्यंत प्यायलाच मागत नव्हतं. मला तेव्हाच नवल वाटलं होतं."

शेख हसला. म्हणाला, मग दिवस-रात्र सलग झाली नाही. मध्ये दुसरं दूध आलं. एकीचंही नातं लागलं नाही. उद्या निकाह मीच लावतो.

रुकय्यानं तिथंच दोघींचे हात धरले, आधी कुणाचा चुंबू तिला कळेना. खातून भिंतीला टेकून हसत होती आणि रडतपण होती. परत येताना मक्किया पूर्ण वाटभर तय्यबाला बोलत होती, नुसती बोलत होती, शेजाऱ्यांची दारं उघडली. आणि तय्यबा आज पहिल्यांदा एकही उत्तर देत नव्हती, मान खाली घालून गालात हसत चालली होती.

गाडीजवळ मुनीर उभा होता. मक्किया त्याच्यासमोर थांबली.

"काय बघतोस? जा, तोंड धू. उद्या नवरा व्हायचंय तुला."

गुरुवारी संध्याकाळी निकाह झाला. बाहेरून बातमी आली, बायकांनी जिभा हलवून असा आवाज केला की अंगणातली कबुतरं उडाली. खातून आईला शोधत आत आली, अफ्राहला पहिली मिठी तिची पाहिजे होती. मक्किया तांदळाच्या पोत्याला टेकून झोपली होती, तोंड उघडं, पदर खांद्यावरनं घसरलेला, हातात अर्धा खाल्लेला हलवा.

"उठवू नकोस," तय्यबा म्हणाली. तिनं पदर नीट केला, हातातला हलवा काढून घेतला, आणि स्वतः खाल्ला.