प्रेस शॉपमध्ये छातीवर बसलेले दणके

गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. लातूरहून आयटीआय करून इकडे आलो, बारा वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या खात्यात आहे. गेजने मोजता येतं तेवढंच खरं, असा माझा स्वभाव. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच संकोच वाटतोय... पण घडलं ते घडलं.

आम्ही कासारवाडीला राहतो. माझी मुलगी आरोही, वय नऊ. तिला ब्लड कॅन्सर झाला. केमोने हाताच्या शिरा खराब होतात म्हणून तिच्या छातीत एक बारीक नळी बसवली होती, टोक पार हृदयापर्यंत. तिसऱ्या महिन्यात इको केला तेव्हा त्या टोकाला रक्ताची गाठ दिसली.

"हृदयाच्या कप्प्यात लोंबतेय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "रक्त पातळ करायची इंजेक्शनं देतोय. पण तिच्या प्लेटलेट्स कमी आहेत. जास्त दिलं तर रक्तस्राव होईल, कमी दिलं तर गाठ सुटून फुफ्फुसात जाईल."

रोज दोनदा पोटात सुई. आरू ओरडायची नाही, आईच्या दंडाला कडकडून चावायची. सुनीताचा, म्हणजे माझ्या बायकोचा, दंड हिरवानिळा झाला होता.

सहाव्या दिवशी मला कामावर जावंच लागलं. महाळुंग्याची कंपनी, फर्स्ट शिफ्ट. मशीनपासून चार पावलं लांब मी बबनदादाशी बोलत उभा होतो. तो तिथल्याच गावचा, माझा मशीनवरचा जोडीदार. आणि माझ्या छातीच्या मधोमध दणका बसला.

कुणी लाथ घालावी तसा. मी पाठीवर आपटलो. समोर कुणीच नाही! उठायला गेलो तर दुसरा. मग थांबेचनात — एका लयीत, सेकंदाला दोन. प्रत्येक दणक्याला माझं अंग फरशीवरून उसळत होतं. डावीकडे काहीतरी कटकन मोडलेलं मला ऐकू आलं. जीभ चावली गेली, तोंडात रक्त भरलं.

"फिट आली रं ह्येला! धरा!" बबनदादा ओरडला. चौघांनी हातपाय दाबले, तरी दणके चालूच. मग एकदम थांबले.

नंतर बबनदादा म्हणाला, "फिट न्हवती ती, भावा. तुझ्या छातीचं हाड आत जात हुतं अन् वर येत हुतं. म्या डोळ्यानं पाह्यलं."

कुणीतरी लॉकरमधून माझा मोबाईल आणला. सुनीताचे चौदा मिस्ड कॉल. फोन लावला तर ती नुसती रडत होती.

गाठ सुटली होती. आरूचं हृदय थांबलं होतं. मॅडम स्वतः बेडवर चढून सात मिनिटं तिची छाती दाबत होत्या. त्यातच गाठ विरघळवायचं औषध दिलं आणि ठोके परत आले. मी नंतर फाईल पाहिली... वेळ तीच.

दोन दिवस तिच्या नाका-हिरड्यांतून रक्त येत राहिलं. पण पोर जगली.

तिसऱ्या दिवशी मॅडम तिला तपासत होत्या. "कमाल आहे," त्या म्हणाल्या. "एवढ्या कमी प्लेटलेट्स, वर ते औषध... छाती काळीनिळी व्हायला हवी होती. हिला साधा डागही नाही."

मी शर्टाची बटणं काढली. दोन बरगड्या मोडल्याचं एक्स-रेत आलंच होतं. छातीच्या मधोमध तळहाताएवढा काळा डाग होता. मॅडमनी त्यावर आपला हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हे कुठे लागलं तुम्हाला?"

"कंपनीत."



आता ती नळी काढलीय, इको स्वच्छ आहे, ट्रीटमेंट चालू आहे. तुम्ही योगायोग म्हणा, मनाचे खेळ म्हणा. मनाने बरगडी मोडते का, मला ठाऊक नाही. कंपनीच्या अपघाताच्या फॉर्मवर सेफ्टी ऑफिसरने कारण लिहिलं — 'पाय घसरून पडला'. मी ते दोनदा वाचलं आणि सही केली. दुसरं काय लिहायला सांगणार होतो?